समुद्राखालून परदेशी वीज : मुंबईच्या बिलात तिचा आकडा किती येईल?

विद्युल्लता_मुलुंड

गेले काही दिवस व्हॉट्सॅपवर एक संदेश फिरतोय : आखातातली सौरवीज समुद्राखालच्या केबलने मुंबईत येणार आणि बिलं निम्मी होणार. पहिला भाग अगदीच हवेतला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला भारत आणि सौदी अरेबियाने वीजजोडणीच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. त्याआधी महिनाभर दिल्लीच्या जी-२० परिषदेत जो भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर जाहीर झाला, त्यातही विजेच्या केबलचा उल्लेख आहे. 'एक सूर्य, एक जग, एक ग्रिड' ही कल्पना तर २०१८ पासूनची. पण बिल निम्मं कसं होणार याचा हिशोब कुणीच मांडत नाही, म्हणून हा धागा.

समुद्राखालची वीज मुंबईला नवी नाही. गेटवेसमोरच्या घारापुरीला फेब्रुवारी २०१८ मध्ये अशीच वीज मिळाली. साडेसात किलोमीटर केबल, खर्च सुमारे २५ कोटी. म्हणजे बेटावरची कामं धरून किलोमीटरला सव्वातीन कोटींच्या थोडं वर. तीन छोट्या वस्त्यांसाठी हा खर्च केला आणि तो करायलाच हवा होता, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं ती माणसं जनरेटरवर होती. पण देशादेशांमधली केबल हे वेगळंच प्रकरण आहे.

उदाहरण म्हणून ब्रिटन आणि डेन्मार्कमधली व्हायकिंग लिंक घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. लांबी ७६५ किलोमीटर, क्षमता १,४०० मेगावॉट, खर्च सुमारे १.७ अब्ज पौंड. पौंड ११० रुपये धरला तर १८,७०० कोटी. आता हे युनिटवर आणू. १,४०० मेगावॉटची केबल वर्षभर पूर्ण भाराने चालली तर १,२२६ कोटी युनिट वाहून नेईल. तशी कुठलीच चालत नाही, म्हणून ६० टक्के धरते : ७३६ कोटी युनिट. व्याज, परतफेड, देखभाल मिळून वर्षाला भांडवलाच्या दहा टक्के धरले तर १,८७० कोटी. भागाकार केला की युनिटला साधारण अडीच रुपये. हे फक्त वाहतुकीचे. वीज फुकट मिळाली तरी एवढे द्यायचेच. आणि केबल ३० टक्केच वापरली गेली, तर तेच अडीच रुपये पाच होतात.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे. केबल महाग की स्वस्त हे किलोमीटरवर ठरत नाही, ती वर्षात किती तास भरून चालते यावर ठरतं. लोकलच्या पासासारखं आहे : रोज गेलात तर परवडतो, आठवड्यातून एकदा गेलात तर तिकीटच बरं.

जाणकारांनी लिहावं. विशेषतः पडघेकर काकांनी.

---

पडघेकर

विद्युल्लताताई, चांगला विषय. नोकरीची बरीच वर्षं एचव्हीडीसीत, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी विजेत गेली, म्हणून तांत्रिक बाजू मी घेतो.

आधी घारापुरी आणि व्हायकिंग लिंक यांतला फरक. घारापुरीला आपली नेहमीची एसी वीज जाते, म्हणजे सतत दिशा बदलणारी; डीसी एकाच दिशेने वाहते. केबलमध्ये मधे तांबं किंवा ॲल्युमिनियम, भोवती इन्सुलेशन आणि बाहेर धातूचं आवरण, म्हणजे ती स्वतःच एक लांबलचक कपॅसिटर, विद्युतभार साठवणारं उपकरण, होते. एसीमध्ये हा कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि रिकामा होतो. केबल जितकी लांब, तितका हा भरण-रिकामेपणाचा करंट जास्त. उच्च दाबाला पन्नास-ऐंशी किलोमीटरच्या पुढे केबलची बरीचशी ताकद यातच खर्ची पडते, ग्राहकाच्या वाट्याला फारसं उरत नाही. डीसीमध्ये केबल एकदा भरली की भरली. म्हणून लांबच्या समुद्री जोडण्या डीसीच असतात. स्वीडनमध्ये १९५४ साली मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत पहिली व्यावसायिक डीसी केबल टाकली. २० मेगावॉट, १०० किलोव्होल्ट. सगळी विद्या तिथून पुढे वाढली.

पण डीसी करायचं म्हणजे दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन आलं. आपल्या चंद्रपूर-पडघे लाइनचं एक टोक भिवंडीजवळ आहे. ७५२ किलोमीटर, १,५०० मेगावॉट, १९९९ पासून चालू. तिथला व्हॉल्व्ह हॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : काही मजली उंच, आतून पूर्ण धातूने मढवलेली खोली, आणि त्यात थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे मनोरे. लाइन चालू असताना आत माणूस जाऊ शकत नाही, दाराला इंटरलॉक असतो. आतली हवा गाळून, कोरडी करून सोडतात. थंड करायला जे पाणी फिरतं ते इतकं शुद्ध की त्यातून वीज वाहू नये. अशा दोन इमारती, त्यांचे ट्रान्सफॉर्मर, फिल्टर, सुटे भाग, हा खर्च केबल दहा किलोमीटरची असो वा हजार, तेवढाच. म्हणून छोट्या अंतराला डीसी परवडत नाही.

तुमच्या हिशोबात एक भर. प्रत्येक कन्व्हर्टरमध्ये एक टक्क्याच्या आसपास वीज जाते, वर केबलमधली गळती. नॉर्वे-नेदरलँड्सची नॉर्नेड ५८० किलोमीटरची आहे, तिची एकूण गळती चार टक्क्यांच्या आसपास. लांबीच्या मानाने हे फार कमी आहे. गळतीमुळे प्रकल्प बुडत नाहीत, भांडवलामुळे बुडतात.

---

चहाबाज

काका, नवीन माहिती मिळाली. एक बाळबोध शंका : एवढे पैसे नेमके जातात कशात? तांब्यात?

---

पडघेकर

तांबं हा एक भाग. केबलचा तुकडा कापून पाहिला तर आतून बाहेर असे थर दिसतात : मनगटाएवढा धातूचा गाभा, त्यावर तेलात मुरवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा किंवा हल्ली एक्सएलपीई प्लॅस्टिकचा जाड थर, मग पाणी आत शिरू नये म्हणून शिशाची नळी, तिच्यावर प्लॅस्टिक, मग पोलादी तारांचं चिलखत आणि सगळ्यात बाहेर डांबर लावलेलं सुताचं वेष्टन. मीटरला तीस-चाळीस किलो वजन सहज भरतं. कागदी इन्सुलेशनमध्ये ओलावा राहिला, एखादी पट्टी दुमडली, तर तो दोष दहा वर्षांनी समुद्रतळाशी फुटतो. म्हणून कारखान्यात गती कमी आणि तपासण्या जास्त.

अशी केबल बनवणारे जगात मोजके. युरोपात इटलीची प्रिस्मियन, फ्रान्सची नेक्सान्स, डेन्मार्कची एनकेटी, आणि जपान-कोरियातल्या काही कंपन्या. टाकणारी जहाजंही मोजकीच. सध्या समुद्रातल्या पवनचक्क्यांनाही हीच केबल आणि हीच जहाजं लागतात, त्यामुळे सगळ्यांच्या ऑर्डरबुकात वर्षानुवर्षांची रांग आहे आणि भाव विकणाऱ्याच्या हातात.

आता खोली. उथळ पाण्यात केबल मीटर-दीड मीटर खोल गाडतात. खोल समुद्रात अडचण वेगळी : टाकताना ती जहाजावरून तळापर्यंत लोंबकळत असते. तीन किलोमीटर खोली असेल तर शंभर टनांची केबल एका ठिकाणाहून टांगलेली. पाण्याने उचललेलं वजन वजा केलं तरी साठ-सत्तर टन उरतातच. तो ताण तिच्या स्वतःच्या तारांनी सोसायचा. सार्डिनियाला जोडणारी इटलीची सापेई केबल १,६४० मीटरपर्यंत उतरली आणि कितीतरी वर्षं तो विक्रम राहिला. त्याच देशाची टिरेनियन लिंक २,१५० मीटरपर्यंत जाते. ओमान आणि गुजरात यांच्यामधला अरबी समुद्र तीन हजार मीटरहून खोल आहे. म्हणजे आखाताच्या केबलला आजच्या विक्रमापलीकडे जावं लागेल.

---

हिशोबनीस

खोलीवरून ग्रेट सी इंटरकनेक्टर आठवला. क्रीट ते सायप्रस, सुमारे ९०० किलोमीटर, तीन हजार मीटर खोल, १,००० मेगावॉट. अंदाज १.९ अब्ज युरो, त्यातले ६५.७ कोटी युरो युरोपीय संघाचं अनुदान. पैसे होते, कारखान्याला ऑर्डर गेली होती. २०२४ मध्ये कासोस बेटाजवळ सर्वेक्षण करणाऱ्या जहाजासमोर तुर्कस्तानच्या युद्धनौका येऊन उभ्या राहिल्या आणि काम रखडलं. समुद्र कुणाचा हा वाद मिटल्याशिवाय केबलचा भाव ठरत नाही. रखडलेल्या प्रत्येक वर्षाचं व्याज खर्चात मिळतच राहतं.

दुसरं, लोक यशस्वी केबलांचीच नावं घेतात. मोरोक्कोतून ब्रिटनला ३,६०० मेगावॉट आणायची एक्सलिंक्स नावाची योजना होती, चार हजार किलोमीटर केबल, खर्च वीस अब्ज पौंडांच्या वर. त्यांना सरकारकडून पंचवीस वर्षांचा ठरीव भाव हवा होता. जून २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने नाही म्हटलं. ऑस्ट्रेलियातून सिंगापूरला सौरवीज न्यायला निघालेली सनकेबल जानेवारी २०२३ मध्ये पैशांअभावी प्रशासकाच्या ताब्यात गेली, नंतर मालक बदलून पुन्हा उभी राहिली. दोन्ही योजनांचा पाया आखाताच्या केबलसारखाच होता : तिकडे ऊन भरपूर, इकडे मागणी भरपूर.

नॉर्नेड का चालली ते पाहा. २००८ मध्ये सुरू झाली, खर्च साठ कोटी युरो, आणि पहिल्या दोनच महिन्यांत पाच कोटी युरोंच्या आसपास कमावले. कारण नॉर्वेकडे धरणं आहेत. नेदरलँड्समध्ये रात्री वीज स्वस्त झाली की नॉर्वे ती घेतो आणि आपलं पाणी राखून ठेवतो, दिवसा भाव चढला की पाणी सोडून वीज परत विकतो. केबल दोन्ही दिशांनी पळते. एकाच दिशेने आणि तीही उन्हाच्याच तासांत चालणाऱ्या केबलला हे जमत नाही.

---

वर्सोवा_बंदर

वरची सगळी चर्चा वाचली. मी मच्छीमार घरातला, बोटीवर जातो, म्हणून आमची बाजू लिहितो.

वर्सोव्याच्या किनाऱ्याला इंटरनेटच्या कितीतरी केबल येऊन लागतात. त्यामुळे केबल टाकणं म्हणजे काय हे आम्ही पाहिलेलं आहे. सर्वेक्षणाची बोट येते, मग मोठं जहाज येतं, आणि ठरावीक पट्ट्यात जाळी टाकू नका म्हणून सांगतात. आमची डोलीची जाळी तळाशी खुंट रोवून बांधलेली असते. खुंटाची जागा पिढ्यान्‌पिढ्या घराघराची ठरलेली, ती काढून दुसरीकडे नेता येत नाही. मागे एका सर्वेक्षणात आमच्या ओळखीच्यांची जाळी फाटली. भरपाई मागितली तर कागद मागितले. समुद्रातल्या जागेचा सातबारा कुठून आणणार?

विजेची केबल याहून जाड, तिचा पट्टा रुंद. आमचा विरोध नाही, घरी आम्हालाही वीज लागते. पण खर्चाचा आकडा काढताना आमच्या बुडालेल्या हंगामाची रक्कम पहिल्या दिवसापासून त्यात धरा. नंतर भीक घातल्यासारखी नको. आणि किनाऱ्यालगतचं काम पावसाळ्यातल्या बंदीच्या काळात करा असंही म्हणता येत नाही, तेव्हा दर्यात कोणतंच जहाज स्थिर उभं राहणार नाही. म्हणजे काम आमच्या ऐन हंगामातच येणार.

---

हिशोबनीस

दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. नांगर आणि जाळी हेच या केबलांचे मोठे शत्रू मानले जातात, त्यामुळे मच्छीमारांना सोबत घेणं हे केबलवाल्यांच्याही फायद्याचं आहे.

नांगराने काय होतं ते फिनलंड आणि एस्टोनियाने पाहिलं. २५ डिसेंबर २०२४ ला एस्टलिंक-२ ही ६५० मेगावॉटची केबल तुटली. 'ईगल एस' या तेलवाहू जहाजाने नांगर तळावरून कित्येक किलोमीटर फरफटत नेला, असा तपासयंत्रणांचा आरोप होता. दुरुस्त व्हायला जून २०२५ उजाडला. टास्मानियाला ऑस्ट्रेलियाशी जोडणारी बासलिंक डिसेंबर २०१५ मध्ये बिघडली, तीही सहा महिने बंद. त्याच वर्षी तिकडे पाऊस कमी, धरणं तळाला गेलेली, शेवटी भाड्याने डिझेल जनरेटर आणावे लागले. पुढे ती कंपनी कर्जापायी रिसीव्हरकडे, म्हणजे कर्जवसुलीसाठी नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेली. मुंबई बंदर आणि जेएनपीटी मिळून आपल्या तोंडाशी केवढी जहाजं नांगर टाकून उभी असतात ते सी-लिंकवरूनही दिसतं.

---

दादरचा_दीपक

सगळे खर्चच मोजताहेत. १२ ऑक्टोबर २०२० विसरलात का? सकाळी दहाला मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, इस्पितळं जनरेटरवर गेली. बाहेरून येणाऱ्या लाइन एकामागून एक पडल्या आणि शहर वेगळं काढून चालू ठेवणारी आयलंडिंगची व्यवस्थाही तेव्हा कामी आली नाही. चार हजार मेगावॉटच्या वर मागणी जाणाऱ्या शहराला आणखी एक दार असावं, याला किंमत नाही का? बाल्टिक देशांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाच्या ग्रिडपासून स्वतःला तोडून युरोपला जोडून घेतलं. तेव्हा त्यांनी युनिटचा भाव नाही पाहिला.

---

पडघेकर

दीपक, किंमत आहे. पण त्या दिवशी वीज कमी नव्हती, ती शहरात आणणारी वाट बंद पडली होती. कळवा-पडघे पट्ट्यातल्या लाइनवर सगळा भार होता. त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइन सुरू झाली, आणि कुडूस ते आरे अशी १,००० मेगावॉटची एचव्हीडीसी आखली, ८० किलोमीटरची, त्यातली सुमारे ५० किलोमीटर जमिनीखालून. शहराचं दुसरं दार हे. परदेशी केबल बहुधा गुजरातच्या किनाऱ्याला लागेल आणि तिथून मुंबईला यायला पुन्हा याच लाइन लागतील. व्हायकिंग लिंकही सुरुवातीला पूर्ण क्षमतेने चालवता आली नव्हती, कारण डेन्मार्कच्या बाजूचं जमिनीवरचं जाळं अपुरं होतं.

---

विद्युल्लता_मुलुंड

सगळ्यांचे आभार. आता आखाताच्या केबलमागचा मुख्य दावा तपासते : आपल्याकडे सूर्य मावळला तरी तिकडे असतो.

मुंबई ७३ रेखांशावर, मस्कत साडेअठ्ठावन्न, रियाध पावणेसत्तेचाळीस. एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे मस्कतला सूर्य आपल्यापेक्षा तासभर उशिरा मावळतो, रियाधला पावणेदोन तास. त्यातला शेवटचा तास सौर पॅनल नावापुरतंच चालतं. आपली खरी चणचण संध्याकाळी सहा ते रात्री अकराची. त्यातल्या तासाभरासाठी हजार किलोमीटरहून लांब केबल टाकायची? तेवढा वेळ आता बॅटरीच काढते. २०२२ मध्ये सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा कंपनीच्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीला मेगावॉटमागे महिना १०.८३ लाख रुपये भाव आला होता. २०२५ च्या निविदांत, सरकारी मदत धरून, तो अडीच लाखांच्या आतबाहेर आला. आणि नॉर्वेची धरणं म्हणाल तर आपला सह्याद्री आहेच. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालू आहे, दुपारची स्वस्त वीज घेऊन पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. भिवपुरी आणि शिरवत्याला टाटांचे याहून कितीतरी मोठे प्रकल्प आखलेले आहेत. मुंबईपासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत.

म्हणजे आखाताची केबल कायमची मोडीत काढावी का? नाही. मला वाटतं तिचं खरं कारण सूर्य नसून ऋतू आहे. जून ते ऑगस्ट आपल्याकडे मोसमी वारे जोरात, गुजरात आणि तामिळनाडूच्या पवनचक्क्या भरात, आणि पावसामुळे मागणी उतरलेली. त्याच वेळी आखातात ४५ अंश तापमान आणि एसींमुळे मागणी शिखरावर. हिवाळ्यात तिकडची मागणी निम्म्यावर येते आणि वीजकेंद्रं रिकामी बसतात. ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली तर केबल जास्त तास भरेल आणि मग अडीच रुपयांचा आकडा आवाक्यात येईल. पण तेव्हा आपण फक्त घेणारे राहणार नाही, देणारेही होऊ.

---

चहाबाज

ताई, देणारे झालो की आपल्याकडची वीज महागणार ना? कांदा निर्यात झाला की इथे भाव चढतो तसं?

---

हिशोबनीस

नॉर्वेत अगदी हेच झालं. २०२१ मध्ये ब्रिटनची ७२० किलोमीटरची नॉर्थ सी लिंक सुरू झाली, पुढच्या वर्षी युरोपात गॅसचे भाव भडकले आणि दक्षिण नॉर्वेतल्या घरांची बिलं कधी नव्हे ती वाढली. दोष सगळा केबलचा नव्हता, पण लोकांच्या मनात तो तसाच बसला. मार्च २०२३ मध्ये स्कॉटलंडची नॉर्थकनेक्ट केबल त्यांनी नाकारली. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या ऊर्जा नियमांवरून तिथली सत्ताधारी आघाडीच फुटली. स्वीडननेही २०२४ मध्ये जर्मनीची एक केबल नाकारली. म्हणून विकणाऱ्या देशातल्या ग्राहकाला नफ्यात वाटा देणारा नियम आधी हवा. ब्रिटनमध्ये 'कॅप अँड फ्लोअर' आहे : केबलची कमाई ठरावीक रकमेच्या खाली गेली तर ग्राहक भर घालतात, वर गेली तर जादा पैसे ग्राहकांना परत. बेल्जियमच्या नेमो लिंकपासून ही पद्धत सुरू झाली.

---

दादरचा_दीपक

मग पहिली केबल कुठे टाकावी म्हणता?

---

पडघेकर

श्रीलंका. १९७० च्या दशकापासून बोलणी चालू आहेत, एप्रिल २०२५ मध्ये कोलंबोत एचव्हीडीसी जोडणीचा सामंजस्य करार झाला. पाल्कची सामुद्रधुनी अरुंद आणि उथळ, विक्रम करायची गरज नाही. ९ फेब्रुवारी २०२५ ला पाणदुराच्या उपकेंद्रात माकड शिरल्याचं निमित्त झालं आणि सगळा देश अंधारात गेला. रविवार होता, मागणी कमी, छतांवरची सौरवीज जास्त, फिरणारी मोठी यंत्रं थोडी, त्यामुळे ग्रिडला धक्का सोसला नाही. अशा छोट्या ग्रिडला भारताचा आधार मोठा आहे. जमिनीवरून बांगलादेशशी भेडामाराची जोडणी आपण २०१३ मध्ये ५०० मेगावॉटने सुरू केली, २०१८ मध्ये दुप्पट केली, तो अनुभव गाठीशी आहे. पाल्कमध्येही दोन्ही बाजूंचे मच्छीमार आहेत. वर्सोव्याच्या दादांनी लिहिलंय ते तिथे आधी करून पाहावं.

---

विद्युल्लता_मुलुंड

एक शेवटचं, बिलाचं. आंतरराज्य पारेषणाचा, म्हणजे राज्याराज्यांतून वीज वाहून नेण्याचा खर्च केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांनी देशभर वाटला जातो, तिथून महाराष्ट्राच्या वाट्याला येतो आणि मग वीजदरांतून आपल्याकडून वसूल होतो, 'समुद्री केबल' अशी वेगळी ओळ बिलात दिसणार नाही. त्यामुळे परदेशी केबलचा खर्च या सामायिक वाटपात जाणार की ती वापरणाऱ्या कंपन्यांवर पडणार, हे करार होण्याआधीच विचारायला हवं. राज्य आयोगाच्या जनसुनावणीत कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. मी तासवार वापराचा अंदाज मागणार आहे : वर्षातल्या ८,७६० तासांपैकी किती तास, कुठल्या दिशेने, किती मेगावॉट. वर्सोव्याचे दादा, तुमच्या डोलीच्या जागांचा मुद्दा त्याच अर्जात घालायचा असेल तर व्यनि करा, मसुदा एकत्र करू.

---

वर्सोवा_बंदर

व्यनि केला आहे. सोसायटीच्या लोकांशी बोलून खुंटांच्या जागांचा नकाशा घेऊन येतो.